अकोल्याच्या हवेतला दमटपणा

खंडेनवमी, ऑक्टोबर १९६५, सकाळी साडेनऊ. जागा: अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या आवारातलं दुरुस्तीचं वर्कशॉप. हजर: मालक, त्यांचे दिवाणजी, मोठे मिस्त्री, लेथवरचे तिघे, ड्रिलवरचे दोघे, लोहार, पूजा सांगायला आलेले गुरुजी आणि सरकारतर्फे मी. गैरहजर कोणी नाही. प्रसादाच्या दिवशी कोणी गैरहजर राहत नसे.

ही यादी माझ्या त्या वर्षीच्या डायरीतली. तिच्याखाली एकच ओळ आहे, ‘गेजची पूजा झाली.’ या ओळीमुळे पुढचे आठ महिने मी काय काय केलं, ते तुकड्यातुकड्यांनी बऱ्याच जणांना सांगून झालं आहे. सलग कधी लिहिलं नव्हतं, ते आज लिहितो आहे.

आधी मी तिथे कसा पोचलो ते. मी अमरावतीचा. वडील शाळेत गणित शिकवायचे. मी इंजिनिअरिंगची परीक्षा पास झालो तेव्हा संरक्षण खात्याने नव्या पदवीधरांसाठी एक प्रशिक्षण योजना काढली होती. बासष्टच्या लढाईनंतर सरकारला सगळंच जास्त हवं होतं. तोफा हव्या होत्या, बूट हवे होते, तसे इंजिनिअरही. योजना दोन वर्षांची होती. पहिलं वर्ष तपासणीचं, म्हणजे सैन्याचा जो माल बाहेरच्या लहानसहान वर्कशॉपांत बनतो तो तपासून घ्यायचा. दुसरं वर्ष प्रत्यक्ष तोफांच्या कारखान्यात, तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात. ते पुरं केलं की माणूस कायम. पहिल्या वर्षाचा शेरा वाईट आला तर दुसरं वर्ष नाही आणि दुसरं वर्ष नाही म्हणजे परत घरी. मला त्या कारखान्यात जायचं होतं. त्या वयात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

निवडीचं पत्र आलं तेव्हा शेजारचे वकील घरी येऊन तोफेची नळी आतून कशी कोरतात ते विचारून गेले होते. मी शिकून सांगतो म्हणालो. नेमणूक आली ती अकोल्याची. बडनेऱ्याला गाडीत बसायचं, मूर्तिजापूरला चहा प्यायचा आणि अकोल्याला उतरायचं, एवढंच अंतर. वकील नंतर काही विचारायला आले नाहीत.

अकोल्याच्या त्या वर्कशॉपचं मूळ काम जिनाच्या यंत्रांची दुरुस्ती. कापसाचा हंगाम सरला की पावसाळाभर हातांना काम नसे. म्हणून मालकांनी खटपट करून सैन्याचं काम मिळवलं होतं. दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या असतात, त्यांच्या लोखंडी बिजागऱ्या इथे बनत. बिजागरीला भोक, भोकात खीळ. भोक लहान पडलं तर खीळ जात नाही, मोठं पडलं तर पेटी खुळखुळते. हे भोक तपासायला मुख्य ऑफिसने मला एक गेज दिलं होतं. गेज म्हणजे बोटाएवढा गुळगुळीत पोलादी दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन टोकांच्या जाडीत फरक इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही. ते ग्रीस लावून एका लाकडी डब्यात असायचं. डब्याला लाखेचं सील. सकाळी काम सुरू होताना मी सील तोडायचं, संध्याकाळी नवं लावायचं. बाकी कोणी हात लावायचा नाही. पाच वर्षं इंजिनिअरिंग शिकून मी दिवसभर बिजागरीच्या भोकात दांडा घालून काढत होतो.

मोठे मिस्त्री पन्नाशीचे होते, शाळा चौथीपर्यंत. माझ्या गेजला ते ‘पास-नापास’ म्हणत आणि मला ‘लहाने साहेब’. मोठे साहेब कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ड्रिलवरून बिजागरी उतरली की ते ती कानाशी नेऊन खिळीने वाजवायचे आणि ही जाईल, ही जाणार नाही, असं सांगायचे. मी मग गेज घालून बघायचो. ते चुकले असे प्रसंग मी डायरीत नोंदवायला लागलो होतो. दोन महिन्यांत नोंदी थोड्याच झाल्या, म्हणून सोडून दिलं.

त्या वर्षी लढाई थांबून जेमतेम पंधरवडा झाला होता आणि खंडेनवमीच्या पूजेला वेगळाच जोर होता. लेथ, ड्रिल, ऐरण, सगळी धुऊन पुसून त्यांच्यावर हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. पुढे पाटावर हातोडे, कानशी, पक्कडी मांडलेल्या. मिस्त्री माझ्याकडे आले आणि डब्यातलं हत्यार बाहेर काढा म्हणाले. ते सरकारी आहे, पूजेत ठेवता येत नाही, असं मी सांगितलं.

“लेथ सरकारच्याच बिजागऱ्या बनवून राहिली ना?” मिस्त्री म्हणाले. “ते बसली पूजेले. अन् जे आमा सगळ्यायचं पास-नापास करते, त्यालेच तुमी डब्यात कोंडून ठेवता. कावून? त्याले देव नाई काय?”

माणसं हसली. दिवाणजी म्हणाले, सरकारचा देव दिल्लीत असतो. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी सील तोडलं. दुसऱ्या कोणावर हे ढकलता येत नाही, सील मीच तोडलं. पोलाद आणि पाणी यांचं काय होतं ते मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण आमच्या घरी खंडेनवमीला वडील कंपासपेटी आणि मोजपट्टी पाटावर ठेवत, आणि त्यांना गंध न लावता उठलो असतो तर आईने जेवायला वाढलं नसतं. गेज पाटावर ठेवणं मला त्या क्षणी चूक वाटलंच नाही.

तेलकट वस्तू देवापुढे कशी ठेवायची म्हणून मिस्त्रींनी ग्रीस पुसून काढलं. गुरुजींनी दूधपाणी शिंपडलं. ओलं कुंकू लागलं, त्यावर अक्षता, त्यावर फूल. पूजेतली हत्यारं दसरा उलटेपर्यंत उचलायची नसतात. मी दसऱ्याला अमरावतीला जाऊन सोनं वाटून आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन कुंकू पुसलं तर खाली तांबूस ठिपके होते. कुंकवाचा रंग असेल म्हणून पुन्हा पुसलं. गंज होता.

मिस्त्रींनी बारीक पॉलिश कागद आणि तेल आणलं. दोन मिनिटांत साफ करून देतो म्हणाले, आणि दिलंही असतं. पण ठिपक्याबरोबर पोलादही थोडं जातं, आणि दांडा केसाच्या काही अंशाने बारीक झाला की लहान भोकंही पास व्हायला लागतात. मी नको म्हणालो, काम थांबवलं आणि मुख्य ऑफिसला एक पानी अहवाल लिहायला घेतला. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणासमोर सील तोडलं, कशाने धुतलं, काय लागलं, किती काळ राहिलं. त्या पानावर मी आजही सही करीन.

अहवाल पुढे जाण्याआधी विभागाचे साहेब पाहणीला आले. थकलेला माणूस. सोबत स्वतःचा डबा आणि स्वतःच्या पाण्याची सुरई आणायचे. त्यांनी उभ्या उभ्या अहवाल वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

“हे सगळं खरं आहे?”

“हो.”

“तीच अडचण आहे.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही सील तोडलंत, म्हणजे तुमचा शेरा गेला. वर्कशॉपने सरकारी वस्तू पूजेत घेतली, म्हणजे त्यांचं नाव यादीतून गेलं. हे झालं इथलं. मग वरून विचारतील, अशी पूजा आणखी कुठेकुठे होते. अहो, आमच्या कारखान्यात खंडेनवमीला तोफांना हार घालतात. मी स्वतः नारळ फोडतो. ते कुठल्या कागदावर आहे का?”

मी विचारलं, मग काय लिहू? त्यांनी सांगितलं आणि मी नवा कागद घेऊन माझ्या अक्षरात लिहिलं. हवेतील दमटपणामुळे गेजवर गंज चढला. बाकी सगळं गाळलं. साहेबांनी डबा खाल्ला, सुरईतलं पाणी प्यायले आणि दुपारच्या गाडीने गेले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. वाळत घातलेलं धोतर पंधरा मिनिटांत कडक व्हायचं.

मिस्त्री दारात उभे राहून ऐकत होते. साहेब गेल्यावर ते आत आले.

“अकोल्यात दमट?” ते म्हणाले. “लहाने साहेब, इथं थुकलं तं जमिनीले पोचत नाई.”

पंधरा दिवसांनी नवं गेज आलं. काम सुरू झालं. मला वाटलं, संपलं.

जानेवारीत उत्तर आलं. माझ्या अहवालाची गंभीर दखल घेण्यात आली होती. दमटपणाचा प्रश्न इतर ठिकाणीही उद्भवू शकतो, म्हणून अकोल्याच्या हवेचा अभ्यास करण्यात यावा. सोबत ओल्या-सुक्या फुग्याचं तापमापक पाठवलं होतं, एका लाकडी फळीवर बसवलेल्या पाऱ्याच्या दोन नळ्या. एका नळीच्या फुग्याला कापडाची वात गुंडाळलेली, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत. दोन्ही नळ्यांतला फरक पाहायचा आणि तक्त्यावरून हवेतला दमटपणा काढायचा. रोज तीनदा, सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी चार. रविवार आणि सणासुदीची सुटी धरून. वाचन पदवीधर प्रशिक्षणार्थ्याने स्वतः घ्यावं. मेअखेर अहवाल पाठवावा. त्यावरून प्रशिक्षणार्थ्याला कारखान्यासाठी मोकळं करायचं की नाही, ते ठरेल. माझ्या तुकडीची बाकी मुलं पंधरा जूनला कारखान्यात रुजू व्हायची होती.

फेब्रुवारीपासून मी अकोल्याची हवा मोजायला लागलो. स्टोअरच्या खोलीत, गेजच्या कपाटाशेजारी, खिळ्याला फळी टांगली. नोंदवही आखली. दर महिन्याला तिची नक्कल ऑफिसला पाठवायची होती. आठ, बारा, चार. बारा आणि चारच्या मध्ये कुठे जाता येत नाही, आणि आठच्या आधी पोचता येईल इतक्या जवळच कुठेतरी राहावं लागतं. मी जठारपेठेत खोली घेतली होती. तिथून वर्कशॉप, वर्कशॉपमधून खोली. महिन्यातून दोनदा अमरावतीला जायचो ते बंद झालं. मार्च आला तसं वाटीतलं पाणी बारा ते चारच्या दरम्यान आटायला लागलं, म्हणून मी दोन वाजता पुन्हा वाटी भरायला जायचो. हवेतलं पाणी मोजायला हवेला आधी पाणी पाजावं लागत होतं. ऑफिसला हे लिहिलं तर उत्तर आलं, वाटी मोठी घ्यावी.

आकडे यायचे ते यायचेच. वीस टक्क्यांच्या खाली, मग पंधराच्या आसपास. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात ‘शेरा’ असं छापलेलं होतं. तिथे मी रोज तीनदा ‘कोरडी’ लिहायचो. नुसतं ‘को.’ लिहिलं तर चालेल का असं मी एकदा ऑफिसला विचारलं होतं. चालणार नव्हतं.

रामनवमीच्या सुमारास वडील अचानक आले. मी येत नाही म्हणून ते आले. मला वाटलं रागावलेले असतील. त्यांनी लेथ पाहिल्या, मालकांशी दोन शब्द बोलले, मिस्त्रींना नमस्कार केला. मग मी कुठे काम करतो ते दाखव म्हणाले. मी त्यांना स्टोअरमध्ये नेऊन ती फळी दाखवली. तिचं काम कसं चालतं ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. बाराला दहा मिनिटं होती आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. वडील म्हणाले, तू जेवून ये, मी घेतो. नियमात बसत नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं आणि फळीसमोर जाऊन उभे राहिले. मी जेवून आलो तेव्हा कागदाच्या कपट्यावर दोन आकडे होते, दशांशापर्यंत, आणि वेळ बरोबर बारा. नोंदवहीत त्या दिवशी दुपारचं वाचन माझ्या अक्षरात आहे, पण घेतलेलं त्यांनी. संध्याकाळच्या गाडीला पोचवायला गेलो तर म्हणाले, “शेरा चांगला येईल ना रे?” मी हो म्हणालो. वकिलांना काय सांगू, असंही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते त्यांनी विचारलं नाही.

एप्रिलच्या मध्यात पत्र आलं, तीन ओळींचं. नोंदींवरून अकोल्याची हवा कोरडी असल्याचं दिसतं. सबब, गेजच्या गंजाचं आपण नोंदवलेलं कारण ग्राह्य धरता येत नाही. खरं कारण मेअखेरच्या अहवालात स्पष्ट करावं.

मी ते पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. ऑक्टोबरमध्ये खरं लिहिलं असतं तर सील तोडल्याचा एकच गुन्हा होता. आता खरं लिहायचं म्हणजे त्यात स्वतःच्या अक्षरातल्या खोट्या कागदाचाही गुन्हा धरावा लागणार. तोफांचा कारखाना संपला. वर्कशॉपचं काम संपलं. ज्या साहेबांनी मजकूर सांगितला होता त्यांना मी खाजगी पत्र टाकलं. त्यांची बदली झाली होती. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, प्रकरण आपल्या पातळीवर निकाली काढावे. सही केलेली नव्हती.

मिस्त्रींना मी पत्राचा मजकूर सांगितला. ते म्हणाले, तुमची ती फळी पाण्याच्या रांजणावर टांगा, लागेल तेवढं दमट निघते. मला राग आला. आकडे खोटे लिहिणार नाही, असं मी म्हणालो. मिस्त्री म्हणाले, “आकडे खरेच असतीन ना. मी कुठं म्हनलं खोटे लिहा.”

मी नाही म्हणालो खरा, पण ते डोक्यात राहिलं. दोन दिवसांनी जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं की वाचन ‘गेज ठेवण्याच्या जागी’ घ्यावं. गेज कुठे ठेवावं हे त्यात नव्हतं. उन्हाळ्यासाठी मालकांनी मला एक लहान केबिन दिली होती आणि तिच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती. ताटीवर दर तासाला पाणी मारायचे, बाहेरची लू आत येताना गार आणि ओली होऊन यायची. मी गेजचं कपाट स्टोअरमधून उचलून त्या खिडकीखाली आणलं. नोंदवहीत लिहिलं, स्टोअरमधील उष्णतेमुळे जागा बदलली. कपाटाशेजारी फळी टांगली. दुसऱ्या दिवशी आठचं वाचन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदा ‘दमट’ लिहिलं.

एकही आकडा मी खोटा लिहिला नाही. तेव्हा हे मी स्वतःला रोज तीनदा सांगत होतो, आठ, बारा आणि चार.

मे महिनाभर आकडे साठच्या वर राहिले. मी अहवालाचा मसुदा तयार केला, तक्ता जोडला, आलेख काढला. त्या महिन्यात लोखंड आलं नव्हतं, म्हणून तपासणी बंद होती आणि डबा सीलबंदच होता. शेवटच्या आठवड्यात ते आलं, तेव्हा एका सकाळी सील तोडून डबा उघडला. उन्हाने ग्रीस पातळ होऊन डब्याच्या तळाशी उतरलं होतं आणि वरून ताटीचे तुषार महिनाभर कपाटाच्या फटीतून आत येत होते. गेज घेतलं, पुसलं. ठिपके होते, खंडेनवमीपेक्षा जास्त.

मी मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी गेज हातात घेतलं नाही. मीही दिलं नाही.

“चला,” ते म्हणाले, “आता खरं झालं, साहेब.” त्या दिवशी ‘लहाने’ म्हणाले नाहीत.

मी अहवालात हे दुसरं गेजही घातलं. घालावंच लागलं, आणि हे कारण तर खरंखुरं दमटपणाच होतं. आठ दिवसांत तार आली. माझी कारणमीमांसा निर्विवाद सिद्ध झाली होती. चिकाटीबद्दल माझं कौतुक होतं, शेरा उत्तम होता आणि पंधरा जूनला कारखान्यात रुजू होण्यासाठी मला मोकळं करण्यात आलं होतं.

दोन दिवसांनी मालकांना पत्र आलं. सदर वर्कशॉपची जागा दमट असल्याचं शास्त्रीय पाहणीतून सिद्ध झाल्यामुळे ती संरक्षण सामग्रीच्या उत्पादनाला अयोग्य ठरवण्यात येत आहे. चालू काम थांबवावं. नाव यादीतून कमी करण्यात आलं आहे.

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी याद्या करणारा माणूस. अहवाल पाठवायच्या आधी काय काय तपासायचं याची सोळा मुद्द्यांची यादी केली होती, आणि जागा दमट ठरली तर जागेचं काय होईल हा मुद्दा त्यात नव्हता. माझं सगळं लक्ष पंधरा तारखेवर होतं.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी पत्र दिवाणजींना वाचायला दिलं आणि पंख्याखाली बसून राहिले. मग मला म्हणाले, तुमचं चांगलं झालं, मिठाई द्या. कापूस यायला अजून पाच महिने होते आणि बिजागऱ्यांशिवाय वर्कशॉपला दुसरं काम नव्हतं. त्या आठवड्यात ड्रिलवरच्या दोघांना रजा दिली. एक नांदगाव खंडेश्वरला भावाच्या शेतावर गेला, दुसरा वरूडकडे संत्र्याच्या पेट्या ठोकायला. लेथवरच्या तिघांतला एक राहिला. मिस्त्रींना मालकांनी ठेवलं, पण ठेवलं म्हणजे हजेरी लावून दिवसभर बसायला.

निघायच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घेतला. मिस्त्री वर्कशॉपच्या ओट्यावर बसले होते. आत ड्रिल बंद, ताटी कोरडी पडलेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तिकडे गेलो की पत्र पाठवीन.

“मले नका पाठवू,” ते म्हणाले. “मले वाचता येते, पन मले पाठवून काय फायदा? तुमच्या हपीसले पाठवा. तुमी वर जासान, तुमचं आयकतीन. येकच कागद लिहा. लिहा का अकोल्याच्या त्या जागेत दमट नाई. बस.”

लिहितो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि उठून माझी ट्रंक टांग्यात ठेवायला हात लावला. मी नको नको म्हणत होतो.

कारखान्यात गेलो. तोफा पाहिल्या. पहिल्या पंधरवड्यात सवय झाली. ड्रॉइंग ऑफिसात बसायला उंच स्टूल मिळालं, वर्षभराने कायम झालो. अमरावतीला गेलो की लोक विचारायचे, मी सांगायचो. वडिलांनी शेरा काय होता ते कधी विचारलं नाही. कायमचा कागद मात्र हातात घेऊन वाचला आणि घडी करून पंचांगात ठेवला.

मिस्त्रींचा कागद मी पहिल्या वर्षी लिहिला नाही, कारण मी कायम नव्हतो. दुसऱ्या वर्षी लिहिला नाही, कारण नुकताच कायम झालो होतो. मग लग्न, बदली, पुन्हा बदली. मुद्दाम टाळलं असं नाही. दर वर्षी ते कामांच्या यादीत असायचं, ‘अकोला, जागेबद्दल’, आणि वर्षअखेरीला जी कामं पुढच्या यादीत चढवायची त्यांत ते सगळ्यांत वर असायचं. अकोल्याला मधे कामानिमित्त दोनदा उतरलो. दोन्ही वेळा स्टेशनापासून दुसऱ्या बाजूला गेलो. मालकांच्या मुलाने वर्कशॉपमध्ये पुढे पंपांची दुरुस्ती सुरू केल्याचं तिकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून ऐकलं. मिस्त्री आता कामावर जात नाहीत, पण आहेत, असं त्याच ओळखीच्या माणसाने सांगितलं. त्यांनी माझी चौकशी केली का, हे मी त्याला विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे नवीन काम आलं. बाहेरच्या वर्कशॉपांच्या यादीची फेरतपासणी. कोणाचं नाव घ्यायचं, कोणाचं काढायचं, कोणाचं पुन्हा घ्यायचं, ते माझ्या सहीने ठरतं. जुनी फाइल मागवली. माझा अहवाल तिच्यात आहे, आलेखासकट. आलेख चांगला काढलेला आहे. मालकांच्या मुलाचा अर्जही आहे, तीन वर्षांपूर्वीचा, नाव पुन्हा घ्यावं म्हणून. त्यावर माझ्या आधीच्या अधिकाऱ्याचा शेरा, ‘जागा दमट. विचार करता येत नाही.’

नाव परत घ्यायला नमुन्याचा एक कागद असतो. वर विषय, मग संदर्भ, मग पूर्वीचा निर्णय, मग तो निर्णय चुकीचा होता असं का मानावं त्याची कारणं. विषय लिहून झाला आहे. संदर्भात फाइलचा क्रमांक आणि माझ्या अहवालाची तारीख घातली आहे. पूर्वीचा निर्णय उतरवून घेतला आहे. कारणांच्या जागी गेल्या मार्चपासून १ असा आकडा आहे आणि त्याच्यापुढे काही नाही. फेरतपासणीची मुदत या महिनाअखेर आहे.